रोगण लागलेले वाल

भात आमच्याकडे सगळ्यांचंच यायचं. खारीतल्या भाताला माणसाची करामत थोडी आणि पावसाची जास्त. बांध फुटला नाही, खाडीचं पाणी आत शिरलं नाही, की भात होतं. बाई कशी आहे ते कळायचं भात कापल्यावर. तिच्या जमिनीत पुढे काय उभं राहतं आणि त्याला कीड लागली की ती काय करते, त्यावरून.

आमचं गाव कासूच्या स्टेशनापासून चालत अर्ध्या तासावर. रुळाच्या खाडीकडच्या बाजूला खारी जमीन. तिथे पावसाळ्यातलं भात सोडून दुसरं काही होत नाही. डोंगराकडच्या बाजूला थोडी गोडी जमीन, म्हणजे जिथे मीठ फुटत नाही अशी. तिथे आमचे तीन तुकडे होते आणि घरामागे परडं. घरधनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचा. त्यामुळे शेती माझ्याकडे. मी चौथीपर्यंत शिकले. शेती मला कुणी शाळेत शिकवली नाही. बघून शिकले, आणि पुष्कळशी चुकून.

मी एका पिकावर कधी राहिले नाही. भात, नंतर वाल, थोडा हरभरा, बांधावर तूर, कडेला तीळ. परड्यात वांगी, मिरची, पडवळ, कारली. याला काही मोठा विचार नव्हता. सगळं एकाच पिकाचं केलं आणि त्यालाच रोग लागला, तर खायचं काय, एवढाच हिशोब.

प्रत्येकाची कीड वेगळी आणि उपाय वेगळा. भाताला सुरळीतली अळी यायची. ती पानाची नळी करून आत बसते. खाचरातल्या पाण्यात थोडं रॉकेल टाकायचं, दोन बाजूंना दोघींनी काथ्याची दोरी धरायची आणि पिकावरून ओढत न्यायची. नळ्या पाण्यात पडतात. मग पाणी सोडून द्यायचं. खेकडे बांधाला भोकं पाडायचे. खेकड्यांवरचा उपाय घरात सगळ्यांना आवडायचा, कारण तो ताटात यायचा. वांग्याचा शेंडा मान टाकतो, तेव्हा आत अळी असते. शेंडा खुडून चुलीत घालायचा. बायका खुडून बांधावरच टाकतात आणि मग अळी जात नाही म्हणून रडतात. पडवळ, कारली लहान असतानाच फडक्यात बांधायची, नाहीतर माशी आत अंडी घालते. मिरचीचा बोकड्या ताक शिंपडून जातो असं म्हणतात. जात नाही. पानं आकसलेली झाडं उपटावी लागतात. मी दोन वर्षं ताक फुकट घालवलं.

पांढरी पावडर मीही मारली आहे. आता म्हातारपणी उगाच शहाणपणा सांगणार नाही. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून, तोंडाला पदर लावून, हाताने झटकत जायचं. दिवसभर डोळे चुरचुरायचे. किडे मरायचे. खाचरातले मासेही मरायचे. म्हणून मी ती भातात मारणं सोडलं. मासे मला आवडतात.

वालाचं मात्र वेगळं होतं. वालाला मावा लागतो. जानेवारी संपता संपता दोन-तीन दिवस आभाळ येतं, ऊन पडत नाही, आणि काळा मावा शेंड्यांवर असा चढतो की झाड तेलात बुडवून काढल्यासारखं चिकट होतं. फुलं गळतात. शेंगा वाकड्या होतात. पेणच्या बाजारातलं बियाणं पेरलं की नेमकं त्या दिवसांत फुलावर यायचं. माझं बियाणं तसं नव्हतं. ते माझ्या आईकडचं, रोह्याच्या पलीकडच्या गावातलं. दाणा लहान, तपकिरी, डोळा पांढरा. ते वीस दिवस आधी फुलायचं. आभाळ येईपर्यंत शेंगा भरलेल्या असायच्या. मावा यायचा तेव्हा त्याला खायला जून पानं उरायची. त्याला ना पावडर लागायची, ना राख.

हे बियाणं मी कुणाला दिलं नाही. हेही लिहायला हवं. लोक मागायचे. आमच्या तुकड्याला लागून एका मुसलमान घराची जमीन होती. नवरा कुवेतला, बाई इथे सासू आणि दोन मुली घेऊन. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कामाला माझ्याइतकीच. तिने दोनदा मागितलं. मी म्हटलं, "या वर्षी कमी झालंय." तिला दिसत होतं कमी झालं नव्हतं ते. बाजारात सगळ्यांच्या आधी आपले वाल जावेत, एवढंच माझ्या मनात होतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मार्चमध्ये काढलेलं बियाणं नोव्हेंबरपर्यंत टिकवायचं म्हणजे मध्ये अख्खा पावसाळा. वालाला भोक पाडणारा बारीक भुंगा असतो. एकदा शिरला की दोन महिन्यांत दाण्याची चाळण. त्यावर आमच्याकडे काव लावतात. डोंगराच्या पायथ्याची तांबडी माती आणायची, चाळायची, पाण्यात कालवून वालाला चोळायची, तीन-चार उन्हं द्यायची आणि राखेत घालून मडक्यात भरायचं. आमची जमीन करडी, खाडीची. तांबडी माती आणायला डोंगरापर्यंत जावं लागतं, डोक्यावरून टोपली आणावी लागते.

एका वर्षी मार्चमध्ये बांधावरची झुडपं तोडताना कोयता माझ्या पायावर आला. पाय सुजला, ताप आला, पेणच्या डॉक्टरने टाके घातले आणि पंधरा दिवस पाय खाली ठेवायचा नाही म्हणाला. वाल अंगणात पडून होते. मी सुनेला म्हटलं, "काव आणून लावून टाक गो. किडा वाट बघत नाय."

सून हमरापूरकडची. तिच्या माहेरी गणपती करतात. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून रंगात हात. लग्नानंतरही ती जोह्याच्या एका कारखान्यात रंगकामाला जायची, पेणपर्यंत गाडीने आणि पुढे एसटीने. मार्चपासून तिथे कामाची घाई सुरू होते. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. डोंगरावर कधी जाणार?

तिने कारखान्यातला रंग आणला. गणपतीच्या पाटाला लावायचा तांबडा रंग, डब्याच्या तळाला उरलेला. एका रविवारी अंगणात बसून तिने सगळे वाल त्यात घोळवले आणि सुपात वाळवले. मला आत खाटेवर आणून दाखवले. मी हात फिरवला. इतका गुळगुळीत लेप मी जन्मात दिला नव्हता. एकेक दाणा पोवळ्यासारखा.

"हाताला लागत नाय गो हा," मी म्हटलं.

"रोगण हाय ना त्यात, आय. गणपती उचलताना पाटाचा रंग हाताला लागला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. किड्याचा दात नाय लागायचा याला."

"चांगलं केलंस," मी म्हटलं.

ती म्हणाली, मी ऐकलं, आणि मी चांगलं म्हटलं. आमची काव हाताला लागते, ओल्या मातीत विरघळून जाते. हे मला माहीत होतं. त्यावर मी विचार केला नाही.

पावसाळाभर मी मडकं उघडून बघायचे. एका दाण्याला भोक नाही. शेजारणीच्या वालाला त्या वर्षी भुंगा लागला होता. ती सुपात घेऊन पाखडत बसली होती. मी मुद्दाम मूठभर माझे वाल नेऊन दाखवले.

"बघ. याला म्हणतात राखण."

तिने एक दाणा उचलून उजेडात धरला. "बाय, हे वाल हायत का लग्नातल्या गोळ्या?"

"जळ तू," मी म्हटलं आणि हसत घरी आले.

दर वर्षी पेरायच्या आधी मी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायचे. किती उगवतात ते बघायचे. त्या वर्षी ठेवले नाहीत. एवढं सुंदर बियाणं, त्याची काय परीक्षा घ्यायची?

दिवाळीनंतर भात कापून झालं. जमिनीत ओल होती. ही ओल म्हणजेच वालाचं सगळं पाणी. वरून कुणी देत नाही. कापणी झाली की पंधरा-वीस दिवसांत जमीन वरून सुकते, भेगा पडतात, मग पेरून उपयोग नाही. मी आणि सुनेने दोन तुकडे दोन दिवसांत टोकून काढले. सगळं बियाणं मी कधी पेरत नसे. थोडं मडक्यात ठेवायचे. तेवढं ठेवलं.

पाचव्या दिवशी जमीन फुगायला हवी होती. फुगली नाही. सहाव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. शेजारणीचे भुंग्याने खाऊन उरलेले वाल मान वर काढून उभे. माझ्या दोन तुकड्यांत भाताची खुंटं. मी खाली बसून बोटाने एक भोक उकरलं. वाल आत जसा ठेवला तसा. तांबडा, चकचकीत, कोरडा. दुसरा उकरला. तिसरा. मी तोंडात घालून चावला. आतून पेरला त्या दिवशी होता तसाच टणक. पाणी आत गेलंच नव्हतं. किड्याचा दात लागू नये म्हणून लावलेल्या रोगणाने ओलही आत शिरू दिली नव्हती.

सून मागे उभी होती. मी उठले आणि तिला बोलायला सुरुवात केली. शेजारणीच्या शेतात तिच्या दोन्ही मुली होत्या, रुळाच्या कडेने माणसं जात होती. मी कुणाला बघितलं नाही.

"रंग फासायला शिकवलं तुझ्या आयबापाने, पेरायला नाय शिकवलं! बियाणं हाय का गणपती हाय? माझ्या आयेचं बियाणं, इतकी वर्षं सांभाळलं, एका दिवसात मारलंस!"

ती वळून घराकडे चालू लागली. घरी आल्यावर हातपाय धुऊन म्हणाली, "हात फिरवून बघितलात तवा चांगलं केलंस म्हटलंत. आता लोकांसमोर तेवढंच सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, "मी तापात होते."

"व्हय. ताप होता," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

मी जेवले नाही. बियाण्याचं काय करायचं हे डोक्यात. कुणाकडे मागायचं? माझ्याशिवाय ते बियाणं कुणाकडे नव्हतं, कारण मी ते कुणाकडे जाऊ दिलं नव्हतं. आईच्या गावी भावाने कधीच वाल सोडून कलिंगडं लावायला घेतली होती. बाजारातले वाल मिळाले असते, पण तो वाल आणि हा वाल वेगळा. हा गेला म्हणजे गेला.

सकाळी सून पदराच्या टोकाला काहीतरी बांधून निघाली. शाळेला निघालेल्या नातीला म्हणे सांगून गेली, जोह्याला जाते. मला वाटलं रुसून माहेरी गेली. मुलगा पहिल्या शिफ्टवरून दुपारी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "बायको गेली तुझी." तो म्हणाला, "तू काय बोललीस ते स्टेशनापर्यंत ऐकू आलं, आय. मीही गेलो असतो." आणि झोपला.

संध्याकाळच्या आत ती परत आली. पदरात होते आमचेच दहा-पंधरा वाल, आणि पिशवीत पॉलिश पेपरचे तुकडे. कारखान्यात पीओपीच्या मूर्तीचे सांधे घासायला वापरतात ते.

"विचारून आले," ती म्हणाली. "कोण म्हटलं रॉकेलने निघल, कोण म्हटलं टर्पेंटाइनने. मी म्हटलं, मग बी पण मरल. हे घासून बघू."

तिने एक वाल चिमटीत धरला, पाठीवर तीन-चार वेळा पेपर फिरवला. तांबडं निघून आतली तपकिरी साल दिसली, जोंधळ्याएवढी जागा.

"डोळ्याला हात लावायचा नाय," ती मला म्हणाली. "कोंब तिथूनच निघतो ना? मूर्तीचा डोळा नि वालाचा डोळा, बिघडला की गेला."

दहा घासलेले आणि दहा न घासलेले असे मी वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधले. तिसऱ्या दिवशी सोडले. न घासलेले तसेच. घासलेल्यांतले सात फुगून फुटले होते, कोंब आलेला होता.

मग आम्ही ओटीवर बसलो. मडक्यातलं राखलेलं बियाणं आणि शेतातून उकरून काढता आलं तेवढं. एकेक दाणा घासायचा. मला वाटलं होतं दोन तासांचं काम. दोन दिवसांत माझ्या बोटांची कातडी निघाली. सुनेचा हात झपाझप चालत होता. मी एक घासेपर्यंत ती चार घासायची. मूर्ती घासून तिचा हात बसलेला. मी तिच्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. मुलींना घेऊन आली. मला वाटलं चेष्टा करायला आली. केलीच.

"काय गो, रंग लावून झाला, आता पॉलिश चाललंय? मुकुट कधी घालता?"

"बस नि घास," सून म्हणाली. "बोलायला पेपर लागत नाय."

ती बसली. मुली बसल्या. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "बाय, दोन वर्षांपूर्वी मला ओंजळभर दिलं असतंस, तर आज माझ्या दारात आली असतीस. मी दिलं असतं."

"माहीत हाय," मी म्हटलं.

"मग दिलं का नाय?"

"नाय दिलं. घास आता."

ती हसली. खरं म्हणजे तिला राग आला असता तरी चाललं असतं.

दीड शेर बियाणं झालं. दोन तुकड्यांना पुरणार नव्हतं. विहिरीजवळच्या तुकड्यातली एक पट्टी तेवढी होत होती. जमीन सुकत आली होती, म्हणून कोंब आलेलेच दाणे लावले आणि प्रत्येक भोकात तांब्याने पाणी ओतलं. मी ओतायचे, सून लावायची. बाकीच्या जमिनीत पेणहून आणलेला हरभरा आणि चवळी टाकली. रिकामी ठेवून काय करणार? हरभऱ्याला पुढे घाटेअळी आली, तेव्हा मी मध्ये मध्ये फांद्या रोवल्या. साळुंक्या बसायच्या आणि अळ्या वेचायच्या. ते पीक बऱ्यापैकी झालं. पण आमचं लक्ष त्या पट्टीवर.

पट्टी उगवली. सगळी नाही, पण उगवली. अडचण एकच, ती तीन आठवडे उशिरा होती. म्हणजे माझ्या बियाण्याचा जो गुण, आभाळाच्या आधी शेंगा भरायचा, तो या वर्षी कामाचा नव्हता.

जानेवारीत पट्टी फुलली. शेवटी शेवटी आभाळ आलं. मला माहीतच होतं. सकाळी गेले तर शेंड्यांवर काळे दाणे बसलेले. मावा.

मुलगा म्हणाला, कंपनीतल्या एकाच्या भावाकडे फवारायचं औषध आहे, घेऊन येतो. मी त्याला आण म्हटलं असतं. मला बियाणं हवं होतं, बाकी काही नाही. पण पट्टीत बघितलं तर माव्याच्या मागोमाग ते लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे आलेले होते, आणि त्यांची करडी, काटेरी पिल्लंही. ती माव्यावर चरतात. फवारलं की ती आधी मरतात आणि मावा दुसऱ्यांदा येतो. हे मी मिरचीत बघितलं होतं. मी म्हटलं, "राहू दे. राखेने बघू."

राख दंवावर टाकायची, उजाडल्यावर लगेच, म्हणजे पानाला चिकटते. आमच्या चुलीची राख दोन दिवसांत संपली. शेजारणीने दिली ती तिसऱ्या दिवशी संपली. सून पेणला पोह्यांच्या भट्टीवर गेली. तिथे तूस जाळतात. बारीक राखेच्या दोन गोण्या तिने एसटीत चढवल्या. कंडक्टर म्हणाला होता, "काय गो बाय, कुणाची राख एवढी?" ती म्हणाली होती, "माव्याची होनार हाय. गाडी सोडा."

जे शेंडे फारच काळे झाले होते ते मी खुडून जाळले. बाकीच्यांवर राख. पाच-सहा सकाळी आम्ही दोघी करड्या होऊन घरी यायचो. ऊन पडायला लागलं तशी मावा चढायचा थांबला. तिसरा हिस्सा फुलं गळली. उरलेल्यांना शेंगा धरल्या.

शेंगा भरल्या तशी दुसरी कीड आली. एका सुट्टीच्या दिवशी मुलगा कंपनीतले चार मित्र घेऊन आला, पोपटी करायला, म्हणजे मडक्यात शेंगा नि कोंबडी भाजायला. मडकं होतं, भांबुर्डीचा पाला आणलेला होता, कोंबडी मसाला लावून तयार होती. फक्त वालाच्या शेंगा तोडायच्या होत्या. मी परड्यात होते. शेतात सून होती. मी पोचले तेव्हा ती पट्टीच्या तोंडाला कोयता घेऊन बसलेली आणि चार बाप्ये बांधावर उभे.

"मूठभर तर घेतो गो," मुलगा म्हणत होता.

"एक शेंग नाय. शेजारणीकडे मागा. बटाटे घाला. नाय तर कोंबडी कोंबडीतच शिजवा."

"आय, सांग ना हिला."

"मी काय सांगू?" मी म्हटलं. "शेत तिचं हाय आज."

शेजारणीने त्यांना टोपलीभर शेंगा दिल्या. पोपटी झाली. आम्हीही खाल्ली. बरी होती.

मार्चमध्ये पट्टीतून सहा शेर वाल निघाले. त्यातले वाकडे, सुरकुतलेले बाजूला केले. चार शेर बी राहिलं. एक दाणा आम्ही आमटीत घातला नाही. डोंगरावर मी गेले. पाय दुखत होता, तरी गेले. सून कारखान्यातून लवकर आली आणि तिने काव चाळली. लावून, वाळवून झाल्यावर मी मडकं घेतलं. तिने मडक्यावर हात ठेवला.

"सगळं एकात नाय, आय. तीन ठिकाणी."

"तीन कुठे?"

"एक आपल्याकडे. एक शेजारणीकडे. एक माझ्या माहेरी."

शेजारणीचं मला चाललं असतं. तिने बोटं झिजवली होती. पण माहेरी? "सासरचं बियाणं माहेरी गेल्याचं मी ऐकलं नाय कधी."

"नुसतं जाईल कशाला? तिकडे पेरतील. लागलं तर येईल परत."

मला ते पटलं नाही. चार दिवस मी मडकं माझ्या खाटेखाली ठेवलं. पाचव्या दिवशी मीच तीन वाटे केले. कुणी समजावलं म्हणून नव्हे. खाटेखाली मडकं घेऊन मला झोप लागत नव्हती. दर तासाला वाटायचं, याला काही झालं तर कुणाकडे जायचं?

पुढच्या वर्षी त्यातलं पेरलं. आमच्याकडे दोन तुकड्यांत झालं, शेजारणीकडे झालं, हमरापूरलाही झालं म्हणून कळलं. वेळेवर पेरलं होतं, मावा चुकला. सगळ्यांनी आपापलं बी ठेवलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भरतीच्या वेळीच डोंगराचं पाणी उतरलं आणि खाडीचा बांध फुटला. गावात पाणी शिरलं. घरात गुडघाभर. माणसं माळ्यावर गेली, भाताचं बियाणं माळ्यावर गेलं, आणि वालाचं मडकं घाईत खालीच राहिलं. दोन दिवसांनी काढलं तेव्हा आत बुरशीचा लगदा. शेजारीण उंचावर राहायची, तिच्याकडे पाणी गेलं नव्हतं. मी तिच्याकडे गेले. तिने पदर तोंडाला लावला. नवरा कुवेतहून आला होता, पाहुणे रोज जेवायला, आणि सासूने मडक्यातले वाल सोलून एका मागोमाग एक आमट्या केल्या होत्या. तिने मडकं उपडं करून दाखवलं. आठ-दहा दाणे पडले. "म्हातारीला कोण सांगणार, बाय," ती म्हणाली. तिला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

म्हणून गोड्या जमिनीतलं भात कापायला आल्यावर मी हमरापूरला गेले. सुनेला पाठवता आलं असतं. ती म्हणाली, "मी आणते, आय." मी म्हटलं, मी जाते.

विहिणीच्या ओटीवर पुढच्या वर्षाचे गणपती ओळीने मांडलेले, अजून पांढरे, रंग न लावलेले. बसायला जागा करून दिली, चहा दिला. मी पिशवी पुढे केली. ती आतून वालाचं मडकं घेऊन आली. काव लावलेलं, राखेत नीट ठेवलेलं.

"किती घालू, विहीणबाई?"

"घाला. मी थांबा म्हटलं की थांबा."

ती ओंजळीने घालत राहिली. मी थांबा म्हटलं नाही. पिशवी भरली तेव्हा तीच थांबली.